बॉनेटच्या आतला रंग

९ नोव्हेंबर १९४६, शनिवार. भोर.

मोटार काल परत आली. लढाईची चार वर्षं पुण्याच्या एका कंत्राटदाराकडे होती. अंगभर चिखलासारखा रंग फासलाय. दिव्यांच्या कडा, पायरी, चाकांचे आरे, काही सोडलं नाही. त्यांचा ड्रायव्हर म्हणाला, त्या दिवसांत सगळेच असं करत होते. किल्ली हातात ठेवली, पाणी प्याला, गेला.

आमचे डॉ. ओसरीवर आले नाहीत. आतल्या खोलीत खुर्चीवर बसून आवाज ऐकत होते. इंजिन थांबल्यावर म्हणाले, "एक सिलिंडर चुकतंय." मग, "रंग कसा ठेवलाय?"

सांगितलं. ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. दिसत नसलं तरी भिंतीकडे तोंड करतात. सवय.

११ नोव्हेंबर, सोम.

शिमग्यापासून डॉ.नी उंबरा ओलांडलेला नाही. काचबिंदूनं उरलंसुरलं दिसणं नेलं तेव्हापासून. कुणी भेटायला आलं की मागच्या खोलीत जातात आणि मला सांगावं लागतं, पडलेत जरा. सव्वीस वर्षं या माणसानं डॉक्टरकीसाठी वेल्ह्यापर्यंतची गावं पालथी घातली. आता त्यांना हात धरून नेलेलं कुणी पाहायला नको.

आज चहा घेताना आपणहून बोलले. "ती कारखान्यातून ज्या रंगात आली, त्या रंगात कर. जवळपासचा नको. तोच. मग मी तिच्यात बसेन."

कुठे जायचं, मी विचारलं.

"सारोळ्याच्या पुलापर्यंत. पुलावर थोडं थांबू. परत येऊ."

आठ महिन्यांत पहिल्यांदा बाहेरच्या कुठल्या जागेचं नाव त्यांच्या तोंडून. भाजी चिरताना मी दोनदा थांबले.

१३ नोव्हेंबर

गंमत अशी की मला तो रंग आठवत नाही.

एकतीस साली मोटार आली. अकरा वर्षं रोज दारात उभी असायची. तिच्यात बसून मी माहेरी गेले, मुलीला नागपूरला पोचवायला स्टेशनवर गेले. आणि डोळे मिटले की हिरवट काहीतरी, किंवा निळसर, किंवा संध्याकाळी राखाडीसुद्धा. रंग आठवायला गेले की स्टीअरिंगवरचा यांचा हात दिसतो, बाहीचं बटण दिसतं. मोटारीकडे मी बघितलंच नव्हतं बहुतेक.

फोटो आहे एक. फोटोत सगळंच काळं-पांढरं.

यांना विचारलं. म्हणाले, "मला आता सगळंच करड्यात आठवतं. तुझाही चेहरा." मग घाईनं म्हणाले, "तुझ्या डोळ्यांवर सोपवलंय."

१५ नोव्हेंबर, शुक्र.

नामदेवबुवा रंगारी आले. भोरातले टांगे, देवळांची दारं, दुकानांच्या पाट्या, सगळं त्यांच्या हातचं. साठीचे असतील. रंग आधी नाकानं बघतात.

दाराच्या खालच्या कोपऱ्यात रुपयाएवढी जागा ओल्या पॉलिश कागदानं घासली. हळूहळू, गोल गोल. असं घासलं की एकावर एक चढवलेले हात कड्यांसारखे उघडे पडतात, आणि सगळ्यात आतलं कडं कारखान्याचं. वर चिखली. खाली तांबडा हात. त्याच्या खाली एकदम लखलखीत पत्रा.

"खालचा रंग समदा खरवडून काढलाय बाई त्येंनी. आता त्यो रंग आपन कुनाला इचारायचा?"

मडगार्ड, मागची बाजू, पायरीखाली. सगळीकडे तेच. चिखल, तांबडं, पत्रा.

इंजिनाच्या मागच्या भिंतीवर एक पितळी पट्टी आहे. तिच्यावर रंगाचा म्हणून एक आकडा असतो असं डॉ. म्हणाले. पट्टी सापडली, आकडा झिजलेला. तरी मुंबईच्या एजंटांना पत्र टाकलं.

१७ नोव्हेंबर, रवि.

सापडला!

ना.बु. काल म्हणाले होते, मानूस दिसेल तितकंच रंगवतो. तेच डोक्यात राहिलं. आज दुपारी एकटीनंच बॉनेटचं झाकण वर केलं. आतल्या बाजूला कुणी ब्रश लावलेलाच नाही. काजळी आणि तेलाचा थर. फडक्यानं पुसत गेले तसा खालून रंग आला. हिरवा. शेवाळी म्हणावा तर तितका काळपट नाही, पोपटी तर मुळीच नाही. विहिरीच्या आतल्या दगडावर असतो तसला काहीसा.

धावत आत गेले. या वयात धावत. "हिरवा आहे," म्हटलं.

डॉ. म्हणाले, "हिरवा होता?" 

"आतला आहे. ऊन नाही, पाऊस नाही लागलेला."

"मग असेल. जो आहे तो खरा."

१८ ते २२ नोव्हेंबर

रोज तेच काम, म्हणून रोजचं वेगळं लिहिलं नाही.

ना.बुं.नी बॉनेटच्या आतल्या कडेवरून नखाएवढा कपचा काढून दिला. तोच नमुना. तो काडेपेटीत कापसावर ठेवलाय. पुण्याहून उतारूंच्या सर्व्हिस मोटारीनं रंगाचे डबे आले: निळा, पिवळा, पांढरा, काळा. निळा एकच डबा. आता पुढचा कधी येईल ते दुकानदारालाही माहीत नाही म्हणतो.

ना.बु. वाटीत थोडा थोडा कालवतात, पत्र्याच्या तुकड्यावर बोटानं ओढतात, उन्हात वाळवतात. ओला असताना जुळतो. वाळला की काळवंडतो. मग पांढरा. पांढऱ्यानं दुधाळ होतो, मग पिवळ्याचा एक ठिपका. सकाळी ओसरीवर बघायचा, बारा वाजता अंगणात, चारला चिंचेखाली. तिन्ही वेळा जुळला तरच जुळला म्हणायचं, हा त्यांचा नेम. दिव्याच्या उजेडात बघायची मनाई. "दिवा खोटारडा असतोय."

दुसऱ्या दिवशी माझं चुकलं, पाच वाजता 'जुळला' म्हटलं. ते हसले. "बाई, तुमाला घरात जायची घाई झालीया."

घाई नव्हती. उलट. हे पाच दिवस कुणीतरी माझ्याशेजारी उभं राहून मी बघते तेच बघत होतं. किती दिवसांनी.

एकूण सतरा तुकडे झाले. सतरावा जुळला. कपचा त्याच्यावर ठेवला तर दिसेना, बोटानं शोधावा लागला.

२५ नोव्हेंबर

मुंबईचं उत्तर. लढाईआधीचे रंगांचे तक्ते आता त्यांच्याकडे नाहीत. दिलगीर आहेत. काही बिघडलं नाही, आमच्याकडे काडेपेटी आहे.

२८ नोव्हेंबर

पहिला हात झाला. कारखान्यात फवाऱ्यानं मारतात, इथे ब्रश. पण बुवांच्या ब्रशची रेघ दिसत नाही. अंगणात पाणी शिंपडून धूळ बसवली. शेजारच्या काकूंना दोन दिवस डाळ पाखडू नका म्हणून सांगून आले. त्या म्हणाल्या, "मोटारीचं बाळंतपण करताय की काय." हसले मीही.

डॉ. मागच्या दारापर्यंत आले होते. वासानं. मी वळले तर परत फिरले.

४ डिसेंबर, बुध.

तिसरा हात, घासणी, पॉलिश. संपलं. निळ्याचा डबा तळ खरवडून पुरवला.

डॉ.ना जेवताना सांगितलं. गाडी उन्हात कशी दिसते, चिंचेची सावली बॉनेटवर कशी हलते. ते घास थांबवून ऐकत होते. मग म्हणाले, "पंधरा तारखेला रविवार आहे. ड्रायव्हरला सांगून ठेव." पेट्रोलची कुपनंही कुणाकडून तरी मिळवायला सांगितली. दाढी करून घ्यायची आहे म्हणाले, शनिवारी. कोट बाहेर काढायला सांगितला. 

कोट उन्हात घातला. बटणं तपासली.

६ डिसेंबर, शुक्र.

कसं लिहू.

दाराच्या आतल्या बाजूचं कातडं फाटलंय, ते शिवून घ्यायचं होतं. म्हणून मीच पट्टीचे स्क्रू काढले आणि कातडं सोडवलं. आत दाराच्या पोकळीत पत्रा. पत्र्यावर कारखान्यातल्या फवाऱ्याचा रंग. एके ठिकाणी ओघळसुद्धा, थेंब होऊन वाळलेला. पंधरा वर्षं तिथं ना ऊन गेलं, ना हात, ना फडकं.

निळा.

हिरवट छटा नावालाही नाही. करडा मिसळलेला निळा.

आधी वाटलं, कारखान्यानं आत वेगळा मारला असेल. बॉनेटचं झाकण पुन्हा उघडलं. बघत उभी राहिले. आणि मग आठवलं.

दसरा. दर दसऱ्याला मोटारीची पूजा. बाहेर हार, आणि बॉनेटच्या आत, इंजिनाच्या वर, मी तेलात हळद कालवून स्वस्तिक काढत असे. बाहेर काढलं तर पॉलिश बिघडेल, म्हणून आत काढायचं, हा यांचाच तोडगा. आणि दुसऱ्या दिवशी हे तेच तेल-हळद फडक्यानं सगळ्या झाकणाला आतून चोळून टाकत, पत्रा गंजू नये म्हणून. खालून इंजिनाची धग. अकरा दसरे.

धुण्याच्या सोड्याचं पाणी आणलं. बिजागरीच्या खाचेत फडकं फिरवलं. फडकं तांबूस झालं. हळदीला सोडा लागला की लाल होते, हे मला कुणी शिकवायला नको. आणखी घासलं. हिरव्याखालून तोच दारातला निळा दिसायला लागला.

निळ्यावर पिवळं, म्हणून हिरवं. मी तीन आठवडे माझ्याच हळदीचा रंग जुळवत होते.

७ डिसेंबर

सांगितलं नाही.

८ डिसेंबर, रवि.

ना.बुं.ना सांगावंच लागलं. त्यांनी दाराच्या आत डोकं घातलं, वास घेतला, बराच वेळ बघितलं.

"म्या नमुन्याचा रंग लावला. नमुनाच खोटा निघाला तर म्या काय करू?" मग, "पर नमुन्याला जुळला व्हता का न्हाई?"

"जुळला होता, बुवा."

"मग झालं." दुखावले होते, आणि खूशही. निळा डबा पुन्हा कधी मिळेल विचारलं तर हात हलवला. उन्हाळ्यात बघू म्हणाले. डॉक्टरांना म्या काय बोलायचा न्हाई, हेही आपणहून म्हणाले. म्हणजे आता खोटं बोलण्यात मला सोबत नव्हती एवढीच कसर राहिली होती, तीही भरून निघाली. एक सोबती मिळाला.

१० डिसेंबर

डॉ. रोज विचारतात. आज ऊन कसं पडलंय तिच्यावर? मी सांगते. चांगलं सांगते. गोष्टी लिहिणाऱ्या बाईला हे जड नाही. हिरवा शब्द टाळते, टाळला की वाक्यं आणखीच सुंदर होतात. ऐकताना यांचा चेहरा सैल पडतो. दुपारी तर म्हणाले, "तू सांगितलंस की मला दिसतं."

त्यानंतर स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली. घासलेलीच.

कळत नाही कुणाचं काय बिघडणार आहे. त्यांना दिसणार नाही. लोकांना आठवत नाही. मोटार देखणी झाली आहे. रविवारी ते बाहेर पडतील. एका रंगासाठी हे सगळं घालवायचं?

पण त्यांनी डोळे माझ्याकडे ठेवायला दिलेत आणि मी

मासिकाला गोष्ट द्यायची तारीख उलटून गेली. संपादकांचं कार्ड आलंय. एक ओळ सुचत नाही.

१३ डिसेंबर, शुक्र.

धोंडिबा आला. गुंजवण्याच्या वरच्या धनगरवाड्यातला. महिन्या-दोन महिन्यांनी तूप घेऊन उतरतो. त्याच्या बायकोच्या बाळंतपणाला डॉ. राजगडाखालच्या पालीपर्यंत मोटारीनं आणि पुढे अंधारात चालत गेले होते, त्याला बारा वर्षं होतील. तुपाचे पैसे तेव्हापासून घेत नाही, आम्ही बळेच धान्य देतो.

तुपाची घागर खाली ठेवायच्या आधीच अंगणात थांबला.

"बाई, मोटार बदलली व्हय?"

"तीच आहे. रंगवली."

त्यानं एक फेरी मारली. ज्याला चाळीस तांबड्या गायी लांबून एकेक ओळखता येतात असा माणूस. "ही डॉक्टरांची न्हवं. ती निळी व्हती. पाऊस यायच्या आदी राजगडाच्या मागं आभाळ व्हतंय बगा, तशी. आमची पोरं पळत सुटली व्हती तिला बगून."

"हळू बोल, धोंडिबा."

"का? डॉक्टर निजल्यात?"

"नाही. जागे आहेत."

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि घागर खाली ठेवली. मी तूप ओतून घेतलं. निघताना दाराशी उभा राहून आत बघून नमस्कार केला, रिकाम्या दरवाज्याला.

डॉ.नी ऐकलं असेल? मागच्या खोलीची खिडकी उघडी होती. जेवताना फक्त एवढंच, "धोंडिबाची बायको बरी आहे ना?" बरी आहे म्हटलं. मला ते विचारायचं सुचलंच नव्हतं. म्हणजे आणखी एक खोटं.

१४ डिसेंबर, शनि.

न्हावी येऊन गेला. दाढी झाली, केस कापले. दहा वर्षांनी तरुण दिसतात. कोट खुंटीवर. चार वाजता चहा दिला आणि त्यांनी हात पुढे करून माझं मनगट धरलं. म्हणाले, "उद्या पुलावर थांबलो की पाणी किती आहे ते सांग. आणि माणसं आपल्याकडे बघतात का, तेही सांग. जसं असेल तसं."

मी म्हटलं, "मोटारीचा रंग चुकलाय."

सगळं सांगितलं. हळद, फडकं, दाराच्या आतला ओघळ. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. मनगट सोडलं, कधी सोडलं ते कळलं नाही.

"कधी कळलं?"

"गेल्या शुक्रवारी."

"आठ दिवस झाले," ते म्हणाले. "आणि आठ दिवस तू मला ती कशी दिसते ते सांगत होतीस."

"हो."

"छान सांगत होतीस."

चहा तसाच राहिला. अगदी साध्या आवाजात म्हणाले, "ड्रायव्हरला येऊ नको म्हणून निरोप पाठव."

कोट परत पेटीत ठेवला.

१५ डिसेंबर, रवि.

ऊन लख्ख. कुणी कुठे गेलं नाही.

भिंतीकडे तोंड. पाणी दिलं तर घेतात. ताट वाढलं तर जेवतात. रागावले असते तर बरं झालं असतं. या घरात आम्ही दोघंच आहोत आणि आज दोघांतलं कुणीच नव्हतं.

मोटारीवर चादर टाकायला गेले. टाकली नाही. नुसती उभी राहिले. वाईट इतकंच वाटत होतं की हा रंग मला आवडायला लागलाय. आणि त्यात त्यांचा काही वाटा नाही, याचंही वाईट वाटलं. मग आठवलं, झाकणाला फडकं चोळणारे हात त्यांचे होते.

१६ डिसेंबर

काही नाही. संपादकांना नाही म्हणून कळवलं.

१७ डिसेंबर, मंगळ.

दुपारी मी तांदूळ निवडत होते. ते येऊन भिंतीला धरून माझ्यासमोर खाली बसले, जमिनीवर. किती महिन्यांनी खुर्ची सोडून.

"ते आठ दिवस," म्हणाले, "तू कुणाला सांगितलंस?"

"बुवांना सांगावं लागलं."

"ते कामाचं. कुणाजवळ बोललीस का?"

"नाही."

ते सुपातल्या तांदळात बोटं फिरवत राहिले. एक खडा त्यांनाच लागला, तो उचलून बाजूला ठेवला. मग आणखी एक.

"माझंही तसंच आहे," म्हणाले. "दिसायचं बंद होत होतं, तेव्हा सहा महिने मी तुला बोललो नव्हतो. रोग्यांची जीभ बघायचो आणि अंदाजानं सांगायचो. त्या दिवसांतल्या कुणाला काही झालं असेल का, हेच रोज बसून मोजतो."

हे मला माहीत नव्हतं. सहा महिने. एका छपराखाली. मी सूप बाजूला सरकवलं.

मग त्यांनी विचारलं, "आता आहे तो रंग कसा आहे? खरा सांग."

मी सांगायला लागले. विहिरीच्या आतला दगड असतो ना, पाण्याच्या वर हातभर, तिथं

त्यांनी हात वर करून थांबवलं.

"इथं बसून नको. उद्या उन्हात सांग."

एवढंच म्हणाले आणि भिंत धरून उठले. अंगणात येईन असं म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही.